केशरोपणानंतरची झोप

केशरोपण ही गोष्ट आता व्यापारी घरांना नवलाईची राहिलेली नाही. विवाह ठरण्याच्या वयात कपाळावरचे केस मागे सरकलेला मुलगा असो, की चाळिशी ओलांडून पेढीचा कारभार सांभाळणारा गृहस्थ असो, शस्त्रक्रियेचा खर्च किती, केस किती लागतील, डॉक्टर कोण, याची चौकशी घरात महिनोन् महिने चालते. शस्त्रक्रिया आटोपून घरी आलेल्या माणसाने त्या रात्री डोके कोठे आणि कसे टेकवावे, याचा विचार मात्र बहुधा रात्री साडेनऊला, पलंगाच्या कडेशी उभे राहून सुरू होतो. तोवर उशा नेहमीच्याच असतात, अभ्रा आठवड्यापूर्वीचा असतो आणि दवाखान्यातून दिलेला सूचनांचा कागद पिशवीच्या तळाशी गेलेला असतो.

वास्तविक या शस्त्रक्रियेत डॉक्टरांचे काम एका दिवसाचे असते. पुढचे आठ-दहा दिवस रोपलेले केस सांभाळण्याचे काम रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे. जागेपणी माणूस सावध असतो. हात डोक्याकडे गेला तरी तो वाटेतच थांबवता येतो. झोपेत ही सावधगिरी सुटते, म्हणून झोपेची व्यवस्था आधीच करून ठेवणे भाग पडते.

प्रथम टाळूवर नेमके काय झालेले असते ते समजून घ्यावे. आज बहुतेक ठिकाणी जी पद्धत वापरतात, तीत डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातून एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या पोकळ उपकरणाने केसांची मुळे एकेक करून काढतात. एका मुळाच्या जुडग्यात एकापासून चारपर्यंत केस असतात. त्याला ग्राफ्ट म्हणतात. पुढील विरळ जागी बारीक छेद घेऊन त्यांत हे ग्राफ्ट बसवले जातात. त्यांना टाका नसतो, चिकटपट्टीही नसते. रक्तातील गोठणारा द्रव आणि भोवतालची त्वचा एवढाच त्यांचा आधार. पहिले काही दिवस त्यांना स्वतःचा रक्तपुरवठाही नसतो. आजूबाजूच्या द्रवातून झिरपेल त्या पोषणावर ते तग धरतात आणि मग हळूहळू नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यांच्याशी जोडल्या जातात. नुकत्याच लावलेल्या रोपाभोवतीची माती जशी दोन पावसांनंतर बसते, तसाच हा प्रकार.

हा आधार किती दिवसांत पक्का होतो, याचा अभ्यास बर्नस्टीन आणि रासमन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. पहिले दोन दिवस रोपलेला केस ओढला तर ग्राफ्ट निघून येतो. सहाव्या दिवशी नुसता केस ओढल्याने तो निघत नाही, असे त्यांना आढळले. खपलीची गोष्ट वेगळी. टाळूला घट्ट चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट हमखास जातो, आठव्या दिवसापर्यंत धोका कमी होत जातो आणि नवव्या दिवशी ग्राफ्ट निघत नाही. म्हणजे जपायच्या रात्री फार तर नऊ-दहा. त्यांतही पहिल्या तीन रात्री सर्वांत नाजूक. व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर लाखभर रुपयांच्या मालाची ही दहा दिवसांची राखण आहे, आणि तीही बहुतांशी उशीवर!

पहिला नियम उताणे झोपण्याचा आणि डोके उंच ठेवण्याचा. कमरेपासून वरचे अंग तीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोनात उचललेले असावे. नुसत्या डोक्याखाली दोन-तीन उशा रचल्या तर मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते आणि सकाळी मान धरते. शिवाय मध्यरात्री त्या उशा घसरतात. उतार कमरेपासून हवा. यासाठी बाजारात तिरक्या कापाच्या उशा मिळतात, रिक्लायनर खुर्ची असेल तर तीही उत्तम. परंतु जुन्या घरांत याहून सोयीची वस्तू आधीच असते. पेढीच्या गादीवरचा लोड भिंतीला लावावा, त्यापुढे तक्क्या तिरका ठेवावा आणि त्यावर पातळ उशी. पाठ सबंध टेकते, मान सरळ राहते. गुडघ्यांखाली एक लहान उशी घातली की झोपेत अंग खाली घसरत नाही आणि कमरेवरचा ताणही कमी होतो. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी ही गुडघ्याखालची उशी विसरू नये.

कुशीवर वळण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी प्रवासात वापरतात ती घोड्याच्या नालाच्या आकाराची मानेची उशी गळ्याभोवती घ्यावी. डोके दोन्ही बाजूंनी अडते आणि रोपलेला भाग उशीला लागत नाही. दंडांच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी ठेवल्या तरी अंग वळताना अडखळते व माणूस अर्धवट जागा होतो. तेवढे पुरे असते. शस्त्रक्रियेच्या आधी तीन-चार रात्री याच रचनेत झोपून पाहावे. पालथे झोपणाऱ्या माणसाला उताणे झोपण्याची सवय एका रात्रीत लागत नाही, आणि ती लावून घेण्याची वेळ डोक्यावर दोन-अडीच हजार नवे ग्राफ्ट असतानाची नव्हे.

उताणे झोपल्यावर डोक्याची मागची बाजू उशीवर येते, आणि केस काढलेले तेथूनच असतात. त्याची भीती अनेकांना वाटते. मुळे एकेक करून काढण्याच्या पद्धतीत त्या बारीक छिद्रांवर डोके टेकल्याने नुकसान होत नाही; पहिली एक-दोन रात्र तेथून थोडा लालसर द्रव झिरपतो, एवढेच. उशीवर स्वच्छ धुतलेला मऊ टॉवेल किंवा शोषक पॅड पसरावे आणि ते रोज बदलावे. टॉवेल डोक्याला गुंडाळू नये. त्याचे धागे खपल्यांत अडकतात. दुसऱ्या पद्धतीत मागच्या त्वचेची पट्टी कापून घेतात व तेथे टाके घालतात. ते टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. अशा रुग्णाची मागची बाजू खरोखर दुखते. त्याने मान एकदम पुढे झुकवणे टाळावे आणि टाक्यांवर दाब येणार नाही अशी मऊ उशी घ्यावी.

अभ्रा सुती, जुना आणि धुऊन मऊ झालेला असावा. रेशमी अभ्रा घर्षण कमी करतो, म्हणून त्याची शिफारस पुष्कळदा होते. अहिंसेच्या विचाराने रेशीम न वापरणाऱ्या घरांनी त्याची चिंता करू नये. या रात्रींत रोपलेला भाग मुळातच उशीला लागायचा नसतो, तेव्हा अभ्र्याच्या गुळगुळीतपणापेक्षा त्याची स्वच्छता अधिक मोलाची. रात्रीचा सदरा पुढून बटणे असलेला हवा. डोक्यावरून चढवायचा बनियन वा टी-शर्ट हा या दिवसांतला सर्वांत दुर्लक्षित शत्रू आहे.

डोके उंच ठेवण्याचे दुसरे कारण सूज. टाळू बधिर करण्यासाठी टोचलेला द्रव आणि जखमेचा स्वाभाविक दाह यांमुळे आलेली सूज गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. दुसऱ्या दिवसापासून ती कपाळावर दिसते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुवया व पापण्यांपर्यंत येते आणि सहसा आठवड्याच्या आत ओसरते. सकाळी आरशात स्वतःचे डोळे सुजलेले पाहून माणूस घाबरतो, आई त्याहून घाबरते. वेदना नसेल, ताप नसेल, तर ही सूज अपेक्षितच असते. सपाट झोपल्यास ती वाढते. बर्फाचा शेक देण्यास डॉक्टरांनी सांगितले असेल तर तो कपाळावरच द्यावा. रोपलेल्या जागेवर बर्फ ठेवू नये.

येथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ तरुण ही शस्त्रक्रिया घरापासून लपवून करतात. खरेदीसाठी सुरतेला किंवा मुंबईला जातो असे सांगून निघायचे, शस्त्रक्रिया करून लॉजवर एकट्याने रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून रात्रीच्या स्लीपर बसने परतायचे. लाज कशाची, हे समजण्यासारखे आहे. स्थळे येत असतात, चार लोक हसतील असे वाटते. पण पहिली रात्र एकट्याने काढण्याइतकी ही शस्त्रक्रिया क्षुल्लक नाही. बधिरतेची व गुंगीची औषधे दिलेली असतात, तास सहा-आठ झोपवून ठेवलेले असते, रात्री उठताना चक्कर येऊ शकते. स्लीपर बसच्या वरच्या बर्थवर छत हातभर अंतरावर असते. एका खड्ड्यात टाळू आपटली तर डॉक्टरांच्या दिवसभराच्या श्रमांवर पाणी पडते. आईला किंवा पत्नीला सांगावे. निदान एका भावाला सांगून त्याला पहिली रात्र त्याच खोलीत झोपू द्यावे. ज्या घरात मुलाला टक्कल पडत असल्याचे दुःख सांगता येत नाही, तेथे वडीलधाऱ्यांनीही थोडे स्वतःकडे पाहावे.

सोबतीला माणूस हवा याचे कारण केवळ सोय नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने केशरोपण करून घेतले आणि सुमारे दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. चेहऱ्यावर सूज आणि श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यावर त्याला रुग्णालयात नेण्यात आले होते. औषधाची तीव्र ॲलर्जी असावी, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. अशी घटना अत्यंत विरळा. तरीही कपाळावरची संथ सूज आणि ही सूज यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. ओठ, जीभ वा घसा सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. केशरोपणाच्या दवाखान्याला फोन वाटेतून करावा. ताप, पू, वाढत जाणारी वेदना, टाळूची कातडी काळपट होणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून मिळवलेले ज्ञान पुरेसे मानू नये, असे बजावले आहे. स्वस्त दर सांगणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया कोण करणार आणि रात्री फोन कोण उचलणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

आता औषधे. चौविहार पाळणाऱ्या घरांत या दिवसांत खरी अडचण येते ती सूर्यास्तानंतरच्या गोळ्यांची. तिचा उलगडा शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी करू नये. आधीच्या भेटीतच डॉक्टरांना नियम सांगावा. दिवसातून दोनदा घ्यायचे प्रतिजैविक पुष्कळदा सकाळी नवकारसीनंतर आणि सूर्यास्तापूर्वी असे बसवता येते. मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचे, घरच्यांनी नव्हे. सुजेसाठी स्टेरॉइड दिले असेल तर ते सकाळी अन्नाबरोबर घेणे बरे, कारण संध्याकाळी घेतलेले स्टेरॉइड झोप उडवते. रात्री वेदनाशामक लागेलच असे वाटत असेल, तर प्रत्याख्यान घेतानाच गुरुमहाराजांना विचारावे. रोगाच्या प्रसंगासाठी प्रत्याख्यानात आगार सांगितलेले आहेत. दुखते म्हणून घरातली कोणतीही गोळी घेऊ नये. ॲस्पिरिन व त्या जातीच्या काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी ती आपल्या मनाने बंदही करू नये. झोपेची गोळीही स्वतःहून नको. मधुमेह, रक्तदाब, घोरताना श्वास अडकणे यांपैकी काही असेल तर ते आधीच सांगावे. रात्री श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांना त्याचे पट्टे टाळूवर कोठून जातील हे दाखवून घ्यावे लागते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतीजन्य कवचाची कॅप्सूल मिळते का, हे चिठ्ठी लिहिली जात असतानाच विचारावे.

सूर्यास्तापूर्वी जेवणाची सवय मात्र येथे उपयोगीच पडते. पोट हलके असते, अर्धवट बसून झोपल्याने जळजळ होत नाही. मात्र उपवासाच्या दिवसांत, विशेषतः अठ्ठाई किंवा आयंबिलाच्या ओळीत, शस्त्रक्रिया ठेवू नये. जखम भरायला अन्न व पाणी लागते, आणि रिकाम्या पोटी प्रतिजैविके मळमळ आणतात. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांविषयी या पानावर वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरी दुकानाच्या मागच्या दाराशी काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या ग्राफ्टला नेमका रक्तपुरवठाच हवा असतो.

तिसऱ्या दिवसापासून खाज सुरू होते. दिवसा ती सोसता येते. रात्री हात आपोआप जातो. नखे आदल्या दिवशीच कापून घासून घ्यावीत, झोपताना हातांत पातळ सुती मोजे घालावेत. डॉक्टरांनी सलाईनचा फवारा दिला असेल तर झोपण्यापूर्वी तो लांबून मारावा. त्याने खपली मऊ राहते व खाज शमते. तेल, हळद, कोरफड यांपैकी काहीही घरच्या मायेने लावू नये. खोली थंड असावी, कारण घामाने खाज वाढते; पण पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट टाळूवर नको, त्याने खपल्या कोरड्या पडतात आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ खाली येते. ती पाती आधी पुसून घ्यावीत. डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत निर्धोक, मात्र ती उंच बांधावी. सैल मच्छरदाणीचे कापड उठता-बसता नेमके डोक्याला घासते. लहान मूल कुशीत झोपत असेल तर दहा दिवस त्याला आजीकडे द्यावे. झोपेतल्या चार वर्षांच्या मुलाची लाथ कोणताही कोन मोजत नाही.

इतके जपूनही मध्यरात्री डोके कशाला तरी लागलेच, तर दिवा लावून शांतपणे पाहावे. ग्राफ्ट निघाला असेल तर तेथून सहसा रक्त येते. स्वच्छ गॉज ठेवून दहा मिनिटे हलका पण स्थिर दाब द्यावा आणि सकाळी डॉक्टरांना कळवावे. निघालेला ग्राफ्ट स्वतः परत खोचण्याचा प्रयत्न करू नये. रक्त नसेल, तर बहुधा खपलीचा तुकडा किंवा नुसता केस असतो. दोन हजारांत एक-दोन गेल्याने केशरचनेत काही फरक पडत नाही. त्या चिंतेने उरलेली रात्र जागून काढण्याचा तोटा मात्र नक्की असतो.

नित्यक्रमातही थोडा बदल लागतो. खमासमण देताना किंवा पंचांग वंदन करताना डोके वारंवार खाली जाते, टाळूकडे रक्ताचा दाब वाढतो व सूजही. पहिला आठवडा हात जोडून बसूनच वंदन करावे. सामायिक ताठ बसून करण्यास काहीच अडचण नाही. महाराजसाहेब मस्तकावर वासक्षेप घालतात, तेव्हा त्यांना आधी नम्रपणे सांगावे. खपल्यांवर कोणतीही पूड पडू नये. कपाळावरचा तिलकही सूज उतरेपर्यंत राहू द्यावा. हेल्मेट दोन आठवडे टाळायचे असल्याने स्कूटरही तितके दिवस बंद. दुकानात जायचे तर रिक्षाने किंवा कोणाच्या मोटारीतून.

सातव्या रात्रीनंतर बहुतेकांना कुशीवर झोपण्याची परवानगी मिळते. दहाव्या दिवसाच्या सुमारास सांगितलेल्या पद्धतीने धुतल्यावर खपल्या गळून जातात आणि डोके सपाट ठेवता येते. पालथे झोपणे, उशीत तोंड खुपसणे, हे साधारण दोन आठवडे पुढे ढकलावे. टाक्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांचा कालावधी याहून लांब असतो.

मग तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उशीवर केस दिसतात. एक-दोन नव्हे, पुष्कळ. सर्व पैसे वाया गेले असे वाटून घरात शांतता पसरते. हे केस गळायचेच असतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान रोपलेल्या केसाचा दांडा गळतो आणि मूळ त्वचेखाली विश्रांती घेते. नवा केस तीन-चार महिन्यांनी डोकावू लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष लागते. तेव्हा पुढच्या मार्गशीर्षात लग्नाचा विचार असेल, तर शस्त्रक्रिया या मार्गशीर्षात उरकावी. लग्नाच्या दोन महिने आधी केलेले केशरोपण घेऊन मांडवात बसणाऱ्या नवरदेवाची टाळू आधीपेक्षाही विरळ आणि लालसर दिसते, आणि फेटा काढावा लागतो तेव्हा छायाचित्रकार समोरच उभा असतो.